पॅडेड सायकलिंग शॉर्ट्स कशी निवडावी?

नवी सायकल घरी आली की पहिले काही दिवस उत्साहात जातात. रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर होतात. मग एखाद्या रविवारी ग्रुपबरोबर पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंत जायचे ठरते. जाऊन-येऊन ५०-६० किलोमीटर. पायात तेवढी ताकद असते, दमही टिकतो. पण सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत धड बसवत नाही. मांड्यांच्या आतली कातडी सोलवटलेली असते, बसायची हाडे ठणकत असतात आणि अंघोळीचे पाणी लागले तरी झोंबते. अनेकांची सायकल याच टप्प्यावर गॅलरीत जाते ती कायमची.

यावर कोणीतरी पॅडेड शॉर्ट्स घ्यायला सुचवते. दुकानात गेल्यावर बहुतेक जण एकच मागणी करतात, "सगळ्यात जाड पॅडवाली द्या." नेमकी इथेच चूक होते. या शॉर्ट्सचे पहिले काम गादीचे नाही. त्वचेवरचे घर्षण थांबवणे आणि घाम त्वचेपासून दूर ठेवणे हे तिचे मुख्य काम. हे लक्षात घेतले की जाडी, माप, कापड, शिवण आणि किंमत यांकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

सीटवर बसल्यावर शरीरावर कुठे भार येतो?

कमरेच्या हाडांच्या सापळ्यात खालच्या बाजूला दोन टोके असतात. कडक बाकावर बसून पुढे-मागे हलले की ती टोचतात. हीच बैठकीची हाडे. सायकलच्या सीटवर शरीराचा भार या दोन हाडांवर यायला हवा, कारण तो पेलण्यासाठीच त्यांची रचना आहे.

या दोन हाडांच्या मधला, जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या दरम्यानचा भाग मात्र मऊ असतो. तिथून महत्त्वाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सीट चुकीची असेल किंवा माणूस फार पुढे झुकून बसत असेल, तर भार या मऊ भागावर सरकतो. मग मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

तिसरी गोष्ट घर्षणाची. पेडल मारताना पाय मिनिटाला साधारण ७० ते ९० वेळा फिरतात. म्हणजे तासाभरात मांडी आणि सीट यांच्यात चार-पाच हजार वेळा घासले जाते. त्यात घाम मिसळला, की ओली त्वचा मऊ पडून लवकर सोलवटते. साध्या पँटची मधली जाड शिवण नेमकी याच जागी येते.

म्हणजे त्रास तीन प्रकारचे आहेत: हाडांवरचा दाब, मऊ भागावरचा दाब आणि त्वचेचे घर्षण. चांगली शॉर्ट्स पहिला आणि तिसरा त्रास बराच कमी करते. दुसरा त्रास मुख्यतः सीट आणि बसण्याची ढब यांच्यामुळे होतो. तो नुसत्या शॉर्ट्सने सुटत नाही.

पॅडचा जन्म गादी म्हणून झालाच नव्हता

जुन्या काळी शर्यतीत भाग घेणारे सायकलपटू लोकरीच्या शॉर्ट्स घालत. बैठकीच्या जागी आतून मऊ चामड्याचा एक तुकडा शिवलेला असे. युरोपातल्या डोंगराळ भागात शॅमॉय नावाचा, शेळीसारखा दिसणारा प्राणी आढळतो. त्याच्या कातड्यापासून हे मुलायम चामडे बनवत. म्हणूनच आजही या पॅडला अनेक जण 'शॅमी' म्हणतात, जरी त्यात आता चामडे नसते.

तो तुकडा पातळ होता. त्यात फोम नव्हता, स्पंज नव्हता. लोकरीची खरखर आणि शिवण त्वचेला लागू नये, एवढेच त्याचे काम. धुऊन वाळवले की हे चामडे कडक होई, म्हणून ते मऊ करण्यासाठी त्याला क्रीम चोळावे लागे. आज बाजारात मिळणाऱ्या 'शॅमी क्रीम'चे मूळ हे आहे.

१९५८ साली अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा तयार केला. लायक्रा या नावाने तो जगभर पोहोचला. पुढे लोकरीची जागा या कापडाने आणि चामड्याची जागा कृत्रिम कापड व फोमने घेतली. मात्र मूळ हेतू बदललेला नाही. आधी घर्षण रोखायचे, मग धक्के कमी करायचे.

जाड पॅड म्हणजे जास्त आराम का नाही?

घरातल्या जुन्या, खूप मऊ सोफ्यावर बसून पाहिले तर हे चटकन कळते. पहिली पाच मिनिटे छान वाटते. मग शरीर खाली रुतते आणि बाजूचा स्पंज वर येतो. सीटवरही तसेच होते. फार मऊ आणि जाड पॅड असेल तर बैठकीची हाडे त्यात रुततात आणि मधला फोम वर उचलला जाऊन नेमका मऊ भागावर दाबतो. ज्या जागेवर दाब नको, तिथेच तो वाढतो.

जाड पॅडचे आणखी दोन तोटे आहेत. ते उष्णता धरून ठेवते आणि घाम शोषून जड होते. शिवाय पेडल मारताना ते मांड्यांच्या मध्ये गोळा होते आणि त्याच्या कडा घासू लागतात.

म्हणून जाडीपेक्षा घनता बघावी. घनता म्हणजे फोम किती भरीव आहे ते. पॅडचा सर्वात जाड भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत जोरात दाबावा. दोन्ही बोटे एकमेकांना सहज जाणवली, तर तो फोम अर्ध्या तासातच चपटा होणार. बोटांच्या मध्ये ठाम विरोध जाणवला आणि सोडल्यावर फोम लगेच पूर्ववत झाला, तर तो चांगला. काही उत्पादक ही घनता लेबलवर देतात. ती एका घनमीटरला ८०, १०० किंवा १२० किलो अशा आकड्यांत असते. आकडा जितका मोठा, तितका फोम वजनाखाली सहसा कमी दबतो.

चांगल्या पॅडची जाडी सगळीकडे सारखीही नसते. बैठकीच्या हाडांखाली ते जाड आणि भरीव असते, मध्ये पातळ असते किंवा तिथे खोलगट पन्हळ असते, आणि कडांकडे ते उतरत कागदासारखे पातळ होते. उलट, सगळीकडे एकाच जाडीचा, कडेला एकदम संपणारा तुकडा शिवलेला असेल तर ती शॉर्ट्स बाजूला ठेवावी.

फोम की जेल?

दुकानात 'जेल पॅड' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसतो. जेल धक्के शोषते हे खरे. पण ते हवा खेळू देत नाही, गरम होते, वजनदार असते आणि धुतल्यावर त्याच्या आसपासचा भाग लवकर वाळत नाही. कोकणातल्या दमट हवेत किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात हे दोष जास्त जाणवतात. हवा खेळती राहील अशी छिद्रे असलेला भरीव फोम आपल्या हवामानाला अधिक सोयीचा. छोट्या अंतरासाठी, खडबडीत रस्त्यावर आणि ताठ बसून चालवायच्या सायकलवर जेल चालून जाते.

घट्ट का असावी?

पहिल्यांदा घालणाऱ्याला ही शॉर्ट्स एक नंबर लहान आहे असे वाटते. तशी ती वाटायलाच हवी. पॅड त्वचेला चिकटून राहिले, तर ते त्वचेबरोबर हलते आणि घर्षण पॅड आणि सीट यांच्यात होते. शॉर्ट्स सैल असेल तर पॅड त्वचेवर सरकते आणि घर्षण पॅड आणि त्वचा यांच्यात होते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले, त्याच्या नेमके उलट.

घट्ट किती, हे ओळखायच्या काही खुणा आहेत:

- मांडीवर किंवा मागे कापडाला कुठेही सुरकुती नसावी.
- कापड चिमटीत धरून सहज दूर ओढता येत असेल तर माप मोठे आहे.
- मांडीच्या इलॅस्टिकने मांस वर फुगत असेल किंवा श्वास घेताना पोटाला काच बसत असेल तर माप लहान आहे.
- सायकलवर बसल्यासारखे कमरेतून वाकल्यावर पॅडचा जाड भाग बरोबर बैठकीच्या हाडांखाली यावा. उभे असताना तो थोडा मागे लोंबल्यासारखा वाटला तर हरकत नाही.
- पॅडची कड जांघेच्या घडीत येता कामा नये. ती कड पुढे २० किलोमीटरनंतर करवतीसारखी लागते.

मापाचे तक्ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. युरोपीय मापाची 'एल' आपल्याकडच्या 'एल'पेक्षा अनेकदा लहान निघते. म्हणून नेहमीच्या पँटच्या नंबरावर न जाता टेपने कंबर आणि नितंब यांचे माप सेंटीमीटरमध्ये घ्यावे आणि त्या-त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. दोन मापांच्या मध्ये अडकल्यास आधी लहान माप घालून पाहावे.

कोणता प्रकार कोणासाठी?

*कमरेची शॉर्ट्स.* साध्या हाफ पँटसारखी, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी असलेली. घालायला-काढायला सोपी आणि स्वस्त. दीड-दोन तासांपर्यंतच्या राइडसाठी पुरेशी. पोट असलेल्यांना पुढे वाकल्यावर इलॅस्टिक काचते आणि ते दुमडून खाली सरकते, ही तिची मर्यादा.

*बिब शॉर्ट्स.* हिला खांद्यावरून जाणारे पट्टे असतात. दिसायला कुस्तीच्या पोशाखासारखी. कमरेला काही बांधलेले नसल्याने पोट मोकळे राहते आणि पट्ट्यांमुळे पॅड जागचे हलत नाही. लांब पल्ल्याचे बहुतेक सायकलपटू हीच वापरतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करायला १३ तास ३० मिनिटे मिळतात. इतका वेळ सीटवर बसणाऱ्याला पॅड एक सेंटीमीटर सरकणेसुद्धा परवडत नाही. गैरसोय एकच, लघवीला किंवा संडासला जाताना वरची जर्सी काढावी लागते. काही कंपन्यांच्या स्त्रियांसाठीच्या बिबमध्ये मागून हूक किंवा चेन उघडून जर्सी न काढता खाली करायची सोय असते.

*आतून घालायची पॅडेड शॉर्ट्स.* ही पातळ, जाळीदार कापडाची असते आणि तिच्यावरून ट्रॅक पँट, बर्म्युडा, सलवार किंवा साधी पँट घालता येते. अंगाला चिकटलेले कपडे घालून सोसायटीतून किंवा गावातून जायला संकोच वाटणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे. सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्यांनाही सोयीचा. वरची पँट मात्र फार घोळदार नको, नाहीतर ती चेनमध्ये किंवा सीटच्या टोकाला अडकते.

*थ्री-फोर्थ आणि पूर्ण लांबीची.* आतले पॅड तेच असते. थंडीत पहाटे निघणाऱ्यांना आणि उन्हाने पाय काळवंडू नयेत असे वाटणाऱ्यांना उपयोगी.

स्त्रियांसाठी वेगळे पॅड का?

स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते. त्यामुळे त्यांच्या पॅडचा मागचा भाग रुंद आणि पुढचा भाग आखूड असतो. पुरुषांच्या पॅडमध्ये मध्यभागी दिलेली लांब पन्हळ आणि तिच्या दोन्ही कडा स्त्रियांना टोचू शकतात. म्हणून घरातल्या पुरुषाची शॉर्ट्स 'माप बसते' म्हणून वापरणे त्रासाचे ठरते. 'युनिसेक्स' लिहिलेल्या बहुतेक शॉर्ट्सची रचना पुरुषांच्या अंगाने केलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड आणि सायकलचे पॅड एकत्र आले की घड्या पडून जास्त घासते. ज्यांना चालते त्यांनी या दिवसांत टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरला तर ही अडचण टळते.

कापड आणि शिवण

चांगल्या शॉर्ट्समध्ये सहसा नायलॉन आणि इलास्टेन यांचे मिश्रण असते. इलास्टेन म्हणजेच स्पॅन्डेक्स. त्याचे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असेल तर कापड ताणून पुन्हा मूळ आकारात येते. पॉलिएस्टरचे कापड स्वस्त पडते, पण त्याला घामाचा वास जास्त धरतो. सुती कापड मात्र टाळावे. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो, आणि ओला सुती कपडा त्वचेवर सर्वात जास्त घासतो.

कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरावे. आरपार दिसले, तर सायकलवर वाकल्यावर मागून चालणाऱ्या सोबत्यांनाही दिसेल. काळा रंग लोकप्रिय असण्यामागे हेही एक कारण आहे. चेनचे काळे तेलही त्यावर लपते.

शिवण सपाट असावी. शॉर्ट्स उलटी करून सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवावे. जिथे बोटाला उंचवटा लागतो, तिथे त्वचेलाही लागणार. पॅडच्या बरोबर मधून कापडाची जाड शिवण जात असेल तर ती शॉर्ट्स घेऊ नये. सहा किंवा आठ तुकडे जोडून शिवलेली शॉर्ट्स अंगाच्या वळणांवर चांगली बसते, पण 'दहा पॅनेल' हा काही गुणवत्तेचा दाखला नव्हे. नेमके कापलेले सहा तुकडे गचाळ शिवलेल्या दहांपेक्षा बरे.

मांडीशी शॉर्ट्स वर सरकू नये म्हणून आत सिलिकॉनची पट्टी असते. घामाच्या दिवसांत काहींना तिच्याखाली पुरळ येते. अशांनी रुंद, मऊ कापडी पट्टी असलेली शॉर्ट्स निवडावी.

आतून चड्डी घालायची नाही

हा नियम ऐकून बहुतेक नवखे दचकतात, पण या शॉर्ट्सची सगळी रचना त्यावरच उभी आहे. पॅडचा वरचा थर घाम ओढून घेईल अशा मऊ कापडाचा असतो आणि त्याला मध्ये शिवण नसते. आतून चड्डी घातली की तिच्या शिवणी, इलॅस्टिक आणि ओले सुती कापड पुन्हा त्वचा आणि पॅडच्या मध्ये येते. 'पॅडेड शॉर्ट्स घेऊनही सोलवटतेच' अशी तक्रार असेल, तर सर्वात आधी हेच तपासावे.

अर्थात, दुकानात माप घालून बघताना मात्र आतून अंतर्वस्त्र घालूनच बघावे. स्वच्छतेचा आणि दुसऱ्या ग्राहकाचा विचार म्हणून.

दुकानात काय करून पाहावे?

आरशासमोर उभे राहून निर्णय घेऊ नये. ही शॉर्ट्स उभे राहण्यासाठी शिवलेलीच नाही. उभे असताना पॅड लंगोटासारखे वाटते, बिबचे पट्टे खांद्याला ओढतात. दुकानात एखादी सायकल असेल तर तिच्यावर बसून दोन-चार मिनिटे पाय फिरवून पाहावेत. तशी सोय नसेल तर खुर्चीच्या कडेवर बसून, हँडल धरल्यासारखे वाकून गुडघे वर-खाली करावेत. याच स्थितीत कुठे टोचते, कुठे गोळा होते, हे कळते.

आपली बसण्याची ढबही विचारात घ्यावी. ताठ बसून चालवायच्या सायकलवर भार मागच्या बाजूला येतो, म्हणून मागे भरीव पॅड हवे. रोड सायकलवर खूप वाकून चालवणाऱ्याचा भार पुढे सरकतो, म्हणून त्याला पुढपर्यंत आधार देणारे पॅड लागते.

किती खर्च करावा?

बाजारात काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या वरपर्यंत शॉर्ट्स मिळतात. किंमत अंतराशी जोडून ठरवावी. भाजी आणायला किंवा तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेत, ऑफिसात जायला पॅडेड शॉर्ट्सची गरजच नसते. रोज तासभर चालवणाऱ्याला मध्यम किमतीची, घनदाट फोमची शॉर्ट्स पुरते. आठवड्याला शंभराहून अधिक किलोमीटर करणाऱ्याने किंवा आषाढीच्या आधी सायकलने पंढरपूरला जायचा बेत असलेल्याने चांगल्या बिबसाठी हात थोडा सैल सोडावा.

बजेट मर्यादित असेल तर एका महागड्या शॉर्ट्सपेक्षा मध्यम किमतीच्या दोन घ्याव्यात. याचे कारण पुढच्याच मुद्द्यात आहे.

धुणे, वाळवणे आणि पावसाळा

एकदा वापरलेली शॉर्ट्स न धुता दुसऱ्यांदा कधीही घालू नये. घाम, उष्णता आणि बंद जागा यांमुळे पॅडमध्ये जंतू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. राइड संपल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये चहा-मिसळीच्या टेबलावर तासभर बसणेही त्रासाला आमंत्रण आहे. घरी पोहोचताच ती काढून अंघोळ करावी.

- शॉर्ट्स उलटी करून साध्या पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवावी. मशिनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत.
- ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये. सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम ओढेनासे होते.
- पॅड पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की पाणी निघते.
- पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून वाऱ्यावर, सावलीत वाळवावी. सतत कडक उन्हात टाकल्याने इलास्टेन लवकर मरते. इस्त्री तर अजिबात नको.

पावसाळ्यात जाड पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही. अर्धवट ओली शॉर्ट्स घालून निघणे म्हणजे जांघेतल्या गजकर्णाला बोलावणे. दोन शॉर्ट्स आलटून-पालटून वापरायचे कारण हेच. पंख्याखाली पॅड उघडे टांगून ठेवले तर वाळण्याचा वेळ बराच वाचतो.

गजकर्ण झालेच, तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणून लावू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरते आणि आजार चिवट होतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणेच स्वस्त पडते.

क्रीम, फोड आणि केसतूड

लांब राइडच्या आधी जांघेत आणि बसण्याच्या जागी शॅमी क्रीम लावले की घर्षण कमी होते. छोट्या राइडला त्याची गरज नसते. पेट्रोलियम जेलीही घर्षण थांबवते, पण ती पॅडमधून धुऊन निघायला अवघड जाते. मेंथॉल असलेली क्रीम नाजूक जागी झोंबतात, त्यामुळे आधी थोडी लावून पाहावीत.

घर्षण, घाम आणि जंतू एकत्र आले की केसांच्या मुळाशी लाल पुळी, केसतूड किंवा गळू येते. ते फोडू नये. दोन-चार दिवस सायकल बंद ठेवावी, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत. गाठ मोठी होत असेल, ताप आला किंवा मधुमेह असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. त्या भागातले केस पूर्ण काढल्यास केस त्वचेत आतल्या आत वाढून फोड येण्याची शक्यता वाढते. गरज वाटल्यास ते कात्रीने आखूड करावेत.

जे दुखणे शॉर्ट्सने जात नाही

उत्तम शॉर्ट्स घेऊनही त्रास होत असेल तर संशय सीटवर घ्यावा. सीटची रुंदी बैठकीच्या हाडांना पुरेल इतकी हवी. घरच्या घरी मोजायचे तर कुरियरच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा पायरीवर ठेवून त्यावर थोडे पुढे वाकून बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर म्हणजे हाडांमधले अंतर. बहुतेक प्रौढांमध्ये ते १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान भरते. सीट त्यापेक्षा थोडी रुंद असावी.

सीटची उंची तपासायला टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वात खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला, की उंची साधारण बरोबर. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि घर्षण वाढते. सीट जमिनीला समांतर ठेवून सुरुवात करावी. नाक वर झालेली सीट मऊ भागावर दाब देते.

बधिरपणा मात्र 'सवय होईल' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांमध्ये ही तक्रार आढळल्यावर तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे 'नायोश'ने, त्यांना पुढचे टोक नसलेल्या सीट काही महिने वापरायला दिल्या. बहुतेकांचा बधिरपणा कमी झाला. दाब सीटच्या टोकामुळे येत होता आणि तो हटवल्यावर फरक पडला. चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून काही क्षण भार काढावा. राइड संपल्यानंतरही बधिरपणा रेंगाळत असेल, लघवीला त्रास होत असेल किंवा लैंगिक क्षमतेवर परिणाम जाणवत असेल, तर सायकल थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सीटवर जेल कव्हर घातले तर शॉर्ट्सची गरज उरते का?*
कव्हर त्वचेचे घर्षण थांबवत नाही, उलट ते सीटवर सरकते. कव्हर आणि जाड पॅड दोन्ही एकत्र वापरले तर मऊ भागावरचा दाब आणखी वाढतो. दोन्हीपैकी एक निवडायचे तर शॉर्ट्स निवडावी.

*नव्या माणसाला हाडे दुखणे किती दिवस सहन करावे लागते?*
हाडांच्या जागी थोडा ठणका सुरुवातीला स्वाभाविक आहे. अंतर हळूहळू वाढवले तर काही आठवड्यांत तो कमी होतो. सोलवटणे आणि बधिरपणा मात्र स्वाभाविक नाही.

*शॉर्ट्स कधी बदलावी?*
फोम चिमटीत दाबल्यावर परत फुगत नसेल, मागचे कापड विरळ होऊन चमकू लागले असेल किंवा मांडीची पट्टी सैल पडली असेल तर ती निवृत्त करावी.

*व्यायामशाळेतल्या किंवा पळण्याच्या शॉर्ट्स चालतील का?*
अर्ध्या तासाच्या फेरीला चालतील. त्यांत पॅड नसते आणि शिवण मधोमध असते, म्हणून लांब अंतराला नाही.

थोडक्यात

अंगाला घट्ट बसणारी, भरीव पण माफक जाडीच्या पॅडची, सपाट शिवणीची आणि आपल्या बसण्याच्या ढबीला जुळणारी शॉर्ट्स निवडावी. आतून काही घालू नये, दर वेळी धुवावी, पूर्ण वाळल्याशिवाय घालू नये. एवढे करूनही दुखत असेल तर आणखी जाड पॅड शोधत न बसता सीटकडे वळावे. ५० किलोमीटर झाल्यावर शॉर्ट्सची आठवणसुद्धा झाली नाही, तर निवड बरोबर झाली असे समजावे.